गुरांचा डॉक्टर व्हायचं तर



दहावी-बारावीचे निकाल लागले, की पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात काय अन् भोकरदनच्या एस.टी. स्टँडवर काय, एकच बोलणं ऐकू येतं. पोराला कशाला घालायचं? डॉक्टर करायचं म्हटलं, तर डोळ्यापुढे येतो तो माणसांचा डॉक्टर. गुरांचा डॉक्टर करतो म्हणणारा बाप क्वचितच भेटतो. पण मंडळी, रात्री दोन वाजता म्हैस अडली आणि वासरू आडवं आलं, की साऱ्या वाडीला हाच डॉक्टर हवा असतो. म्हणून आज या शिक्षणाची माहिती सांगतो.

पहिली गोष्ट. हा निर्णय बारावीनंतर घेण्याचा नाही, दहावीनंतर घेण्याचा आहे. अकरावीला विज्ञान शाखा आणि त्यात जीवशास्त्र घेतलेलं पाहिजे. पुष्कळ मुलं केवळ गणित ठेवतात आणि दोन वर्षांनी हा दरवाजा बंद झालेला पाहतात. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांत खुल्या गटाला किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव गटाला थोडी सवलत आहे. नुसत्या बारावीवर मात्र भागत नाही. माणसांच्या डॉक्टरकीला जी 'नीट' परीक्षा लागते, तीच इथे लागते आणि तिच्या गुणांवर प्रवेश ठरतो.

इथेच खेड्यातली मुलं फसतात. 'नीट'चा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं ती धरून चालतात. तसं नाही. पशुवैद्यकाच्या प्रवेशाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. बहुतेक जागा राज्यातल्या मुलांना आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात. त्या दुसऱ्या कोट्याचा अर्ज आणखी वेगळा. मुदत चुकली, की चांगले गुण असूनही वर्ष जातं.

आपल्या राज्यात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ २००० साली सुरू झालं. महाविद्यालयं मात्र त्याहून जुनी. मुंबईला परळचं महाविद्यालय १८८६ चं. तिथला दवाखाना जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात. नागपूर, शिरवळ, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे परभणी, १९७२ सालचं. जालन्याहून रेल्वेत बसलं की परतूर, सेलू करत थेट परभणी. लेकरू फार लांब गेलं, असं आईला वाटायचं कारण नाही.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षं शिकायचं आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम, म्हणजे इंटर्नशिप. त्या वर्षात विद्यावेतन मिळतं. शिकायला काय असतं? गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी या सगळ्यांच्या शरीराची रचना. रोग, औषधं, शस्त्रक्रिया, गाभण राहणं आणि विणं. चारा-खाद्य, दूध-मांसाची तपासणी, कोंबडीपालन. पुस्तकं इंग्रजीत असतात, त्यामुळे आपल्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. उलट प्रत्यक्ष कामात ती पुढे असतात. गाभण तपासायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, गोठ्यात शेणामुतात बसून वार काढावी लागते. ज्यानं लहानपणी वैरण टाकली, धार काढली, त्याला त्याची किळस वाटत नाही. ज्याला वाटते त्याला आई-बापानं ढकलू नये. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून नाइलाजानं इकडे येणारा मुलगा पाच वर्षं कुढत काढतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक घोटाळा दूर करू. पशुसंवर्धनाची पदविका वेगळी आणि ही पदवी वेगळी. पदविका घेतलेला मुलगा पशुधन पर्यवेक्षक होऊ शकतो. ते कामही मोलाचं आहे, पण तो पशुवैद्यक नव्हे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदवी घेऊन परिषदेत नाव नोंदवलेल्यालाच पूर्ण व्यवसाय करता येतो. तुमच्या बैलाचा विमा उतरवताना किंवा मेलेल्या म्हशीचं शवविच्छेदन करताना दाखला लागतो, तोही अशाच नोंदणी झालेल्या डॉक्टरचा. कोणी एजंट परराज्यातल्या कॉलेजात 'सीट' देतो म्हणाला, तर ते कॉलेज भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्य यादीत आहे का, हे आधी पाहा. पैसे मोजून आणि वर्षं घालवून नोंदणीच झाली नाही, तर त्या कागदाचा उपयोग नाही.

पुढे काय, हा खरा प्रश्न. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होता येतं. पण जागा दर वर्षी निघतील असं नाही, तेव्हा एकट्या सरकारी नोकरीवर डोळा ठेवू नये. दूध संघ, कोंबड्यांच्या कंपन्या, पशुखाद्य आणि लसींचे कारखाने यांना हे पदवीधर लागतात. बँकांच्या कृषी अधिकारी पदालाही ही पदवी चालते. फौजेत रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे, तिथे घोडे, खेचरं, कुत्री सांभाळायला अधिकारी घेतात. शिकायची हौस असेल तर पुढे दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. आणि मग अध्यापन किंवा संशोधन. स्वतःचा दवाखानाही काढता येतो. शहरात कुत्र्या-मांजरांचा चालतो, आपल्याकडे मोटारसायकलवरून गोठ्यागोठ्यात फिरावं लागतं. त्यात उधारी फार, हेही सांगून ठेवतो.

संशोधनाचं काम आपल्या गोठ्यापर्यंत येत नाही, असं समजू नका. तुमच्या आजोबांना बुळकांडी माहीत होती. दावणच्या दावण रिकामी व्हायची. लस शोधणारे, ती गावोगाव टोचत फिरणारे डॉक्टर होते म्हणून २००६ साली भारत आणि २०११ साली सारं जग त्या रोगातून मुक्त झालं. २०२२ साली लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरावी लागली. त्याच साली हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी लम्पीची स्वतंत्र लस तयार केली.

मुलींनीही हा अभ्यासक्रम घ्यावा. नाही तरी आपल्या घरी शेळ्या-वासरांचं बघतं कोण? दावं धरायला चार माणसं असतातच, डोकं डॉक्टरीण चालवील.

खर्चाचं म्हणाल, तर सरकारी महाविद्यालयाची फी खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानानं फारच थोडी आहे. बैलजोडी किंवा जमिनीचा तुकडा विकायचा विचार करण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करा. तिचे अर्ज महाडीबीटीवर भरतात.

कागदपत्रं मात्र आतापासून काढा. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असेल त्यांना नॉन-क्रीमी लेयर. पडताळणीला महिने लागतात. मुलगा किंवा मुलगी अकरावीला असतानाच तो अर्ज करून टाका आणि पोच जपून ठेवा.