शेवाळाचे तेल आणि स्वस्ताईचा हिशेब



शेवाळापासून तेल निघते ही थाप नव्हे. सूक्ष्म शेवाळाच्या काही जाती ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडे खत यांवर वाढतात व अंगात तेल साठवतात. त्यापासून डिझेलसारखे इंधन होते. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने १९७८ ते १९९६ पर्यंत या कामी संशोधन केले. ते इंधन महाग पडते, असेच दिसून आले. २००९ साली एक्झॉन कंपनीने साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली. २०२३ साली तिनेही हात आखडता घेतला.

घोडे अडते कुठे? उघड्या तळ्यातल्या हजार लिटर पाण्यातून सुके शेवाळ मिळते जेमतेम अर्धा किलो. ते गाळायचे, सुकवायचे, म्हणजे इंधन मिळवण्यासाठी आधी इंधनच जाळायचे!

मग नगर जिल्ह्याला याचे काय? आपल्याकडे प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. साखरेमागून मळी आली, मळीमागून मद्यार्क, म्हणजे आजचे इथेनॉल. २००१ साली शेजारच्या मनमाडला ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा प्रयोग झाला. २०२५ साली देशात हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. मळी आंबताना मद्यार्काच्या जवळजवळ वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो धरून कारखान्याजवळच्या तळ्यातल्या शेवाळाला द्यावा, ही कल्पना आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. निदान एक कच्चा माल तरी दारातच मिळेल.

परंतु 'स्वस्त' हा शब्द आम्ही कामगार चळवळीतली माणसे जपून वापरतो. लिटरभर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर मळीमिश्रित पाणी निघते. ते शुद्ध करण्याचा खर्च टाळला, तर तो शेजारच्या विहिरीला भरावा लागतो. उसाला पाणी लागते ते वेगळेच. आणि ऊस तोडतो कोण? पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची जोडपी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोने मिळून फडात राबायचे; हिशेबात मात्र दोघांचा मिळून कोयता एकच! बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. अशा वहीतून निघालेली स्वस्ताई खरी कशी मानावी?

विज्ञानाला आमचा विरोध नाही. शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही, खारे पाणीही काही जातींना चालते. दुष्काळी मुलुखाला हे गुण थोडे नव्हेत. प्रयोग अवश्य व्हावेत. मात्र तळे खोदण्याआधीच पाण्याचा, सांडपाण्याचा आणि मजुरीचा खर्च किंमतीत धरावा. तळे साफ करणाऱ्या बाईचे नाव हजेरीपत्रकावर स्वतंत्र असावे. एवढे सारे धरूनही ते तेल परवडले, तर त्याला स्वस्त म्हणायला आम्ही सर्वांत पुढे असू.