काकीचा पुडा आणि परदेशातला कायदा

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. जसं बोललो तसंच लिहून काढलंय, मध्ये मध्ये आमचं मालवणी येईल, सांभाळून घ्या.

मी मूळचा मालवणचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेल्या वर्षी कंपनीने तीन महिन्यांसाठी दुबईला पाठवलं. पहिलाच परदेश प्रवास. जायच्या आधी चार दिवस घरी गेलो. आणि तुम्हाला माहीतच आहे, गावातला एक मुलगा दुबईला चाललाय म्हटल्यावर काय होतं. बातमी सकाळी बाजारात, दुपारी अख्ख्या वाडीत. आणि संध्याकाळी पुडे यायला सुरुवात.

आमच्या शेजारची काकी आली. तिचा मुलगा दुबईतच असतो. हातात एक मोठा पुडा, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली. म्हणाली, "माझ्या झिलाक दी. काय नाय, घरचो मसालो आसा." मी म्हटलं, काकी, उघडून बघतो हं. झालं! काकीचा चेहराच पडला. "म्हणजे माझ्यावर इस्वास नाय काय रे तुझो?"

लहानपणी हिच्याच घरी मी जेवलोय. पण त्याच आठवड्यात मी एक गोष्ट वाचली होती, आणि ती डोक्यातून जात नव्हती. ती आधी सांगतो.

जुलै २०१९. मुंबईचं एक नवरा-बायकोचं जोडपं कतारला गेलं. ट्रिप नातेवाईक बाईंनी भेट म्हणून दिलेली. जाताना त्या बाईंनी सोबत एक पाकीट दिलं, तिथे अमक्याला दे म्हणून. दोहाच्या विमानतळावर बॅग उघडली, तर पाकिटात चार किलोच्या आसपास चरस! दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, बाळ कैदेत असतानाच जन्मलं. इकडे घरच्यांनी धावपळ केली, आपल्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने तपास केला, फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून कामाला आलं. तेव्हा कुठे वरच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. एप्रिल २०२१ मध्ये ते मुंबईत परतले.

निर्दोष होते ना? होते. तरी जवळजवळ दोन वर्षं गेली. विमानतळावर कस्टमवाला तुमचं मन तपासत नाही, बॅग तपासतो. बॅग तुमच्या नावावर, तर आतलं सगळं तुमचं. "मला काकीने दिलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

तर मी काकीला म्हटलं, "काकी, माझो इस्वास आसा गो तुझ्यार. पण थयल्या पोलिसांका तू खंय ठावक आसंस?" आई मध्ये पडली, काकीला चहा दिला, आणि आम्ही तिघांनी मिळून तो पुडा उघडला.

आत काय? वर एक किलो मालवणी मसाला. त्याखाली आमसुलं, खाजा. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या दहा स्ट्रिप. मुलाच्या रूममेटचा गुडघा दुखतो, तिकडे गोळ्या महाग, म्हणून त्याने मागवलेल्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, दुकानाची पावती नाही. मी नाव गुगल केलं. ट्रॅमाडॉल. हे वेदनाशामक औषध यूएईमध्ये नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. न्यायचं असेल तर स्वतःच्या नावाची डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. दुसऱ्यासाठी तर प्रश्नच नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्यालाही असेच नियम.

आता मसाला. काकी म्हणाली, मसाल्यात कसलो कायदो? मी विचारलं, खसखस घातलीस? "घातलंय तर! खसखशीशिवाय मसालो काय?" मंडळी, खसखस ही अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते, पण यूएईमध्ये तिला बंदी आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली वस्तू, आणि तिथे गुन्हा.

काकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या मनात तसूभरही खोट नव्हती. आणि मला तीच भीती वाटली. आपण समजतो की धोका गुन्हेगारांकडून येतो. इथे तर तो मायेने बांधलेल्या पुड्यातून आला होता.

गोळ्या ठेवल्या, मसाला ठेवला. आमसुलं आणि खाजा घेतला. काकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगतो, कुडाळला कोकणकन्येत बसलो तेव्हा मला व्हिसापेक्षा काकीचंच टेन्शन जास्त होतं.

म्हणून आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो. परदेशात सुरक्षित राहायची तयारी विमानतळावर होत नाही, ती घरी होते. आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे आपल्याच माणसांना "नाही" म्हणणं.

आता पटापट कामाच्या गोष्टी.

पहिली, बॅग. स्वतः भरा, कुलूप स्वतः लावा. दुसऱ्याची वस्तू न्यायचीच असेल तर उघडून, बघून, स्वतःच्या हाताने पॅक करा. बंद पुडा, शिवलेली उशी, नवीन चप्पल, सरळ नाही म्हणा. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, चिठ्ठीसकट. पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि आपल्या कोकणातल्या लोकांसाठी खास सूचना. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्या विमानतळांवर बॅगेतून काढायला लावतात, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा, सुकट असो की लोणचं. लपवलं तर दंड. आणि वेप? सिंगापूर आणि थायलंड, दोन्हीकडे बेकायदा.

दुसरी, कागद. पासपोर्टची मुदत बघा, बऱ्याच देशांना किमान सहा महिने शिल्लक लागते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, विमा यांचे फोटो फोनमध्ये, एक संच ईमेलवर, आणि एक झेरॉक्स घरी आईच्या कपाटात. हो, कपाटात. फोन हरवला तर पासवर्डही आठवत नाही, पण आई फोनवर नंबर वाचून दाखवू शकते. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. घरी परतायला ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, तो भारतात येण्यापुरता कागद असतो.

तिसरी, पैसे आणि फोन. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमधून चालू करा, मर्यादा लावा. भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी चालू करा, नाहीतर तिकडे ओटीपी येणार नाही. मी हे विसरलो होतो आणि पहिल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर पाऊण तास उभा राहिलो. आणखी एक. यूएईमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. हे घरी सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं. आई रात्रभर कॉल लावत बसली, बाबा सकाळी कंपनीत फोन करायच्या तयारीत!

चौथी, आणि ही माझ्यासारख्या आयटीवाल्यांसाठी. नीट ऐका. २४ सप्टेंबर २०२२ ला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा दिला होता. थायलंडमध्ये "डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह" अशी नोकरी, चांगला पगार, राहणं फुकट, असं सांगून कॉम्प्युटर येणाऱ्या मुलांना नेतात. बँकॉकला उतरवतात, माए सोतपर्यंत गाडीने, आणि मोई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीत. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपतात. नकार दिला तर मारहाण. १० आणि ११ मार्च २०२५ या दोन दिवसांत वायुदलाच्या विमानांनी तिथून ५४९ भारतीयांना परत आणलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातली मुलंही होती.

तुम्ही म्हणाल, आम्ही शिकलेले, आम्ही कसे फसू? अहो, त्यांना शिकलेलीच मुलं हवी असतात. आणि दहावीच्या पुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसतो, म्हणजे नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही. सोयीचं आहे, पण याचा दुसरा अर्थ असा की तपासणारं दुसरं कोणी नाही, तुम्हीच तपासायचं.

कसं? एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा. नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर तिथेच थांबा. "टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणाला तर उठून या. आणि एजंट मित्राचा मित्र असला, मामाच्या ओळखीचा असला, तरी तेच. दोह्याचं पाकीटही ओळखीतूनच आलं होतं.

पाचवी, अडचण आलीच तर. निघायच्या आधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर सेव्ह करा आणि कागदावरही लिहा. दुबईत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री नंबर ८०० ४६३४२. तिथे पोलिसांचा नंबर ९९९. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५. पोलिसांनी अडवलं तर हुज्जत घालू नका, पळू नका, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. "माझ्या दूतावासाला कळवा" हे शांतपणे सांगा. तो तुमचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेला. आणि घरचे इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. हे त्यांना आधी दाखवून ठेवा, गडबडीत कोणाला काही सुचत नाही.

आता काकीचं काय झालं? दुबईत पोचल्यावर मी तिच्या मुलाला भेटलो, आमसुलं दिली, सगळं सांगितलं. तो एकदम गप्प झाला. गोळ्या मागवताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच रात्री त्याने घरी फोन केला. तीन महिन्यांनी परत आलो तर काकी दारातच उभी. म्हणाली, "मसालो नाय नेलंस तां बरा केलंस. पण माझो झिल तीन म्हयने सपक जेवलो, तेचा काय?" मी म्हटलं, काकी, खसखस न घालता कर, पुढच्या वेळी विचार करतो. म्हणाली, "तो मसालो न्हय!"

अजून रुसवा पूर्ण गेलेला नाही. पण काकी आता वाडीतल्या दुसऱ्यांना सांगते, दुबईक खसखस धाडू नको गो.

तर मंडळी, तुमच्या घरातलं कोणी परदेशात निघालं असेल तर हा भाग त्याला पाठवाच, पण त्याच्या आईलाही ऐकवा. म्हणजे त्याला एकट्याला "नाही" म्हणावं लागणार नाही. तुमचा काही अनुभव असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, काळजी घ्या. येवा, कोकण आपलोच आसा, फक्त पुडो उघडो ठेवा!