शेजारच्या विहारात काय म्हणतात?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्र-मैत्रिणींनो, अस्सलामु अलैकुम आणि जय भीम.

'जय भीम'ला दोघातिघांनीच उत्तर दिलं, बाकीचे हसले. तिथूनच सुरुवात करतो. २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाखांच्या आसपास बौद्ध होते. त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे देशातल्या चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यात राहतात, आणि शहरांत तर बऱ्याचदा आपल्या शेजारच्याच वस्तीत. एकाच नळावर पाणी भरलं, एकाच शाळेत शिकलो. ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो, बुद्धपौर्णिमेची खीर आपल्याकडे येते. पण विहारात बसून ते काय म्हणतात, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? मला पंचविशीपर्यंत येत नव्हतं. मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, म्हणजे बुतपरस्ती, एवढंच डोक्यात होतं.

हा 'बुत' शब्दच आधी पाहू. फारसीतून उर्दूत आणि तिथून आपल्या तोंडात आलेला हा शब्द 'बुद्ध' या नावावरूनच बनला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. बल्ख, बामियान या भागांत बुद्धमूर्ती इतक्या होत्या की एका माणसाचं नाव सगळ्याच मूर्तींचं नाव होऊन बसलं. ही व्युत्पत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सांगितली आहे, आणि त्याच लेखनात भारतातला बौद्ध धर्म बुडण्याचं खापर त्यांनी मुसलमान आक्रमकांवर स्पष्टपणे फोडलं आहे. वाचताना मला त्रास झाला. इतिहासकारांत याबद्दल वाद आहेत, तेही जरूर वाचा. पण बाबासाहेब आपल्या सोयीपुरते उचलायचे आणि बाकीचे मिटवून ठेवायचे, ही आपली सवय काही बरी नाही.

तर विहारात काय होतं? आपण दुआ मागतो तसं मागणं तिथे नसतं. बुद्ध ईश्वर नाही, अवतार नाही, आपल्या अर्थाने पैगंबरही नाही. शाक्यांच्या कुळात जन्मलेला, म्हातारपणी कुशिनारा इथे आजारी पडून वारलेला माणूस. फूल वाहताना जी पाली गाथा म्हणतात, तिचा आशय असा की हे फूल कोमेजणार आहे आणि माझा देहही असाच जाणार आहे. कुणाला खूश करण्यासाठी ते फूल नसतं. सगळं बदलतं, टिकत काहीच नाही, याला पालीत 'अनिच्च' म्हणतात. त्याची उजळणी त्या फुलाने होते.

वंदनेत आधी त्रिशरण येतं. बुद्ध, धम्म आणि संघ यांचा आधार घेणं. मग पंचशील. जीवहत्या, चोरी, कामवासनेतला गैरव्यवहार, खोटं बोलणं आणि नशा, या पाचांपासून दूर राहणं. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, हे आपल्याकडेही हरामच आहे. मीही हेच म्हणायचो. फरक वाक्याच्या शेवटी आहे. प्रत्येक शील दोन शब्दांवर संपतं. 'सिक्खापदं' म्हणजे शिकण्याचा धडा आणि 'समादियामि' म्हणजे मी तो अंगीकारतो. चोरी करू नकोस, असा हुकूम तिथे कुणी देत नाही. चोरीपासून दूर राहण्याचं शिक्षण मी घेतो, असं माणूस स्वतः म्हणतो. आणि शिक्षण म्हटलं की नापास होणं आलं, पुन्हा बसणं आलं.

आमच्या गल्लीत एक मावशी राहायच्या. काका पिणारे. दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील घ्यायचे आणि आठवड्यात मोडायचे. मी कॉलेजात होतो, शहाणपणा फार होता. म्हटलं, "मावशी, दर वेळी शपथ घेऊन मोडायची, हे ढोंग नाही का?" त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "अरे, शपथ कुठाय ती? शाळा हाय. गणितात नापास झालास तवा शाळा सोडलीस का?" तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. काकांची दारू पुढे सुटली, पण सुटायला अकरा वर्षं लागली आणि तोवर मावशींचा एकही दागिना उरला नव्हता. म्हणजे गोष्ट काही फार गोड नाही.

बुद्धाच्या शिकवणीचा गाभा म्हणून चार आर्यसत्यं सांगितली जातात. दुःख आहे, त्याला तृष्णेचं कारण आहे, ते संपू शकतं आणि संपवण्याचा मार्ग आहे. हे त्याने सारनाथला आपल्या पाच जुन्या साथीदारांना पहिल्यांदा सांगितलं. माझ्या कामात मी रोज हेच करतो. बिघाड काय आहे, कशामुळे आहे, दुरुस्त होईल का, आणि कसा. फक्त इथे बिघडलेली सिस्टिम आपण स्वतः असतो, आणि ती बंद करून पुन्हा चालू करता येत नाही. मार्ग आठ अंगांचा आहे. समज, संकल्प, वाणी, वर्तन, उपजीविका, प्रयत्न, जागरूकता आणि समाधी, प्रत्येकाआधी 'सम्यक' हा शब्द. त्यातल्या उपजीविकेवर मी अडकलो. उपासकाने पाच धंदे करू नयेत असं बुद्ध सांगतो. शस्त्रं, जिवंत प्राणी किंवा माणसं, मांस, नशेचे पदार्थ आणि विष यांचा व्यापार. इथे बसलेल्या कुरेशी मित्रांना हे खटकेल, खटकू द्या. पण कर्जवसुलीसाठी लोकांचे कॉन्टॅक्ट उपसणारं ॲप लिहिणाऱ्याचं काय, हा प्रश्न मला माझ्या ऑफिसात पडला. आपल्याकडे हलाल कमाईची चर्चा ताटापर्यंत येऊन थांबते, लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

दुःखाबद्दल बुद्धाचा एक दृष्टांत आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराला दुखतो. मग त्या दुखण्यावर तो चडफडतो, रडतो, आणि जणू दुसरा बाण स्वतःलाच मारून घेतो. शिकलेल्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. अप्रेझलमध्ये रेटिंग कमी आलं, हा पहिला. आता घरी काय सांगू, सगळे हसत असतील, ही रात्री तीनपर्यंतची उजळणी म्हणजे दुसरा. ध्यान या दुसऱ्या बाणासाठी आहे. श्वास येतो, जातो, त्याकडे पाहायचं. मनात राग उठला तर राग उठला हे पाहायचं, त्याच्या मागे पळायचं नाही.

आयटीतली बरीच मंडळी यासाठी इगतपुरीला जातात. ब्रह्मदेशातून आलेल्या सत्यनारायण गोएंकांनी तिथे धम्मगिरी उभं केलं. दहा दिवस मौन, फी नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वास. माझा एक सहकारी दोनदा जाऊन आला. पण ऑफिसच्या मागच्या वस्तीत विहार आहे, तिथे त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. तो बुद्ध आणि हा बुद्ध वेगळे आहेत, असं त्याला वाटतं. मी विचारलं, शिबिराच्या सुरुवातीला काय देतात रे? म्हणाला, पाच शीलं. मावशीच्या काकांनाही तीच पाच दिली होती, एवढंच मी म्हणालो.

आता अवघड भाग. रेटिंग कमी आलं ते माझं नाव बघून आलं असेल तर? घर भाड्याने नाकारलं ते आडनाव ऐकून नाकारलं असेल तर? मी श्वास पाहीन, रात्री झोपही लागेल. पण पहिला बाण मारणाऱ्याचं काय?

हा प्रश्न बाबासाहेबांना होताच. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, मग स्वतः लाखो लोकांना दिलं आणि बावीस प्रतिज्ञा जोडल्या. आठ आठवड्यांच्या आत ते गेले. १९५७ला आलेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेतच ते शंका घेतात की चार आर्यसत्यं ही बुद्धाची मूळ शिकवण आहे तरी का? जगणंच दुःख म्हटलं तर माणसाला आशा काय उरते? त्यांच्या मांडणीत धम्म म्हणजे माणसाने माणसाशी कसं वागावं. जातीने दिलेलं दुःख मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ म्हणून गिळायला ते तयार नव्हते. परंपरावादी बौद्धांना ही मांडणी मान्य नाही. मला मात्र दोन्ही लागतात. दुसरा बाण माझा मी काढायचा आणि पहिल्यासाठी भांडायचं.

सगळे धर्म एकच सांगतात, असं वाक्य सलोख्याच्या कार्यक्रमात हमखास येतं. मला ते आळशी वाटतं. बुद्ध कर्माचं मोल हेतूवरून ठरवतो, आपल्याकडे अमल नियतवर तोलला जातो, इथवर आपण जवळ आहोत. पुढे वाटा फुटतात. तिथे हिशेब घेणारा अल्लाह नाही. कायम टिकणारा आत्माही नाही, त्याला 'अनत्ता' म्हणतात, आणि रूह मानणाऱ्या आपल्याला ते पचणारं नाही. पचवू नका. शेजाऱ्याचा आदर करायला त्याचं म्हणणं आपल्यासारखं असायची गरज नाही.

केसपुत्तच्या कालाम लोकांना बुद्धाने सांगितलं होतं की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच फिरतं. पुढचं अर्धं असं की लोभ, द्वेष आणि मोहाने माणसाचं हित होतं की अहित, हे तुम्ही स्वतः तपासा आणि शहाणी माणसं कशाला दोष देतात तेही पाहा. मनाला येईल ते माना, असं ते नाही.

म्यानमारचं काय, हे कुणीतरी विचारणारच. २०१७मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. बौद्धबहुल देशाच्या लष्कराने ते केलं आणि काही भिक्खूंनी त्याआधी वर्षानुवर्षं मुसलमानांविरुद्ध विष पेरलं. पहिलं शील तिथेही रोज म्हटलं जात होतं. याचा जाब त्या लष्कराला आणि त्या भिक्खूंना विचारायचा, आपल्या गल्लीतल्या मावशीला नाही. आपल्या नावाने कुणी कुठे बॉम्ब फोडला की आपणही हेच सांगत असतो.

येत्या पौर्णिमेला विहारात जाऊन या. आधी ओळखीच्या कुणालातरी सांगा, म्हणजे अवघडल्यासारखं होणार नाही. चपला बाहेर, मोबाईल बंद, मागे जमिनीवर बसा. हात जोडायचे की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. वंदना झाली की एखाद्या म्हाताऱ्या बाईला अर्थ विचारा. पाली शब्दांचा अर्थ त्यांनी कधीतरी कुणाकडून तरी शिकलेला असतो, आणि सांगायला त्यांना आवडतं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावर मघापासून एक हात वर आहे.