पोटातलं विरजण



इथे येण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी दूध विरजून आलं असेल. कोमट दुधात चमचाभर दही ढवळलं की आपलं काम संपतं, जिवाणूंचं सुरू होतं. दुधातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. मे महिन्यात भांडं ओट्यावर जास्त वेळ राहिलं तर सकाळी दही आंबटढाण! आज बोलायचंय ते पोटात लागणाऱ्या अशाच विरजणाबद्दल.

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. त्याला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटून ते काळं पडलं, तर सर्जनला कापावंच लागतं. दोन मीटरपेक्षा कमी उरलं की डॉक्टर त्याला ‘शॉर्ट बॉवेल’ म्हणतात. मग भात, पोळी, साखर पचायला वाट पुरत नाही. न पचलेला माल मोठ्या आतड्यात उतरतो. तिथल्या जिवाणूंची चंगळ होते, आम्ल वाढतं. आंबटपणा सोसणारे लॅक्टोबॅसिलस त्यात तग धरतात, बाकीचे मागे पडतात आणि आम्ल आणखी वाढतं.

या लॅक्टिक आम्लाची दोन रूपं आहेत, डाव्या-उजव्या हातासारखी. आपल्या पेशी मुख्यतः ‘एल’ रूप बनवतात. काही जिवाणू ‘डी’ही बनवतात. थोडं ‘डी’ शरीर हळूहळू निस्तरतं. फार साठलं की जीभ जड होते, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो.

समजा, संध्याकाळच्या बदलापूर लोकलमधून असा एक जण झोकांड्या खात उतरला. लोक म्हणणार, ‘टाकून आलाय!’ प्रत्यक्षात त्याने दुपारी पोटभर गोडाचं जेवण केलेलं असतं. दवाखान्यात नेलं तरी चकवा संपत नाही. लॅक्टेटची नेहमीची तपासणी फक्त ‘एल’ मोजते, ‘डी’ तिला दिसतच नाही. रक्त आम्लधर्मी झालंय, पण लॅक्टेट ठीक, असा कोड्यात टाकणारा रिपोर्ट येतो.

माणसातल्या या दुखण्याची पहिली नोंद 1979 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. गुरांच्या डॉक्टरांना मात्र हे दुखणं आधीपासून ठाऊक होतं. लग्नसराईत उरलेल्या भाताचा ढीग गाईपुढे टाकला, की तिच्या पोटात हेच आम्ल उसळतं. गाय झुलते, बसते, कधी दगावतेही. पुण्य करायला जावं आणि पाप पदरी पडावं, तसं ते.

माणसावरचा उपाय असा: पिष्टमय आणि गोड पदार्थ काही काळ बंद, शिरेतून बायकार्बोनेट, जिवाणूंना आवरायला पोटातून प्रतिजैविकं. पुढे थोडं थोडं, पण वारंवार खाणं. ‘पोटाला चांगली’ म्हणून प्रोबायोटिकची पुडी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिच्यात ‘डी’ बनवणारेच जिवाणू असू शकतात.

दह्यातला जिवाणू यात खलनायक नाही. तो दोन्हीकडे तेच काम करतो. फक्त पोटात त्याच्यापुढे साखर फार आणि वेळ भरपूर. म्हणून आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड पाकिटात ठेवा, किती आतडं उरलंय ते त्यावर लिहून घ्या. आणि फलाटावर कुणी झोकांड्या खाताना दिसला, तर तोंडाचा वास घेऊन थांबू नका. पोटावर ऑपरेशनचा व्रण आहे का, तेही विचारा.