दिल्लीचा उन्हाळा आणि ड्रोनचालकाचा टॅब्लेट

कॅमेरा असलेला ड्रोन उडवताना समोरचे दृश्य, उंची, अंतर आणि बॅटरीतील शिल्लक ही माहिती चालकाला टॅब्लेटच्या पडद्यावर मिळते; म्हणून ड्रोनच्या पंख्यांची जशी तपासणी होते तशीच टॅब्लेटचीही व्हायला हवी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने गावठाणांची, म्हणजे हरियाणात ज्यांना लाल डोरा म्हणतात त्या वस्त्यांची, ड्रोनद्वारे मोजणी हाती घेतली आणि दिल्लीभोवतीच्या खेड्यांतही ड्रोन पोहोचले.

या परिसरात टॅब्लेटला सर्वांत मोठा धोका उष्णतेचा असतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील सफदरजंग येथे ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तर आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश आहे. ड्रोनकडून अखंड येणारे चित्र पडद्यावर उमटवताना प्रोसेसर तापतो, उन्हात दिसावे म्हणून वाढवलेला पडद्याचा उजेड त्यात भर घालतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे टॅब्लेट स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरचा वेग व पडद्याचा उजेड कमी करतो, चित्र अडखळते आणि अखेरीस यंत्र बंद पडते. यासाठी उड्डाण सकाळी लवकर करावे, टॅब्लेटवर सावली धरावी, जाड कव्हर काढावे, उडवताना चार्जिंग टाळावे आणि तो बंद मोटारीत ठेवू नये. तापलेला टॅब्लेट बर्फावर किंवा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण त्यामुळे आत दव साचून बिघाड होऊ शकतो.

दुसरी काळजी सॉफ्टवेअरची. आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत, आवश्यक अपडेट आधीच करून मोकळ्या जागी त्याची चाचणी घ्यावी, इतर ॲप बंद करावेत, त्या भागाचा नकाशा इंटरनेटविना दिसेल असा उतरवून घ्यावा आणि जोडणीची जादा केबल जवळ बाळगावी. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, त्यामुळे नकाशावर चालकाचे स्वतःचे स्थान अचूक दिसेलच असे नाही.

इतके करूनही पडदा काळा पडला, तर चालकाने घाबरू नये. स्वतंत्र रिमोट असलेल्या बहुतेक ड्रोनमध्ये दांड्यांच्या आज्ञा रिमोटकडून रेडिओलहरींनी थेट ड्रोनपर्यंत जातात आणि उड्डाणस्थळी परत बोलावण्याचे बटणही रिमोटवरच असते. मात्र परतीची उंची वाटेतील इमारती व विजेच्या तारांपेक्षा अधिक राहील अशी आधीच ठरवलेली असावी.

ड्रोन नियम, २०२१ नुसार लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही, आणि राजधानीच्या मध्यवर्ती भागाचा मोठा हिस्सा त्यात मोडतो. म्हणून असे विभाग दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा प्रथम पाहावा. परवानगी असली तरी ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा, आणि पडद्याकडे न पाहता तो सुखरूप उतरवण्याचा सराव ज्याने केलेला नाही, त्याने तो लोकवस्तीजवळ उडवू नये.