चाकं टेकली म्हणजे लँडिंग संपलं नाही

आजचा भाग लँडिंगबद्दल आहे, आणि तेही आडव्या वाऱ्यातल्या. पायलट त्याला क्रॉसविंड लँडिंग म्हणतात. हा विषय मी स्वतःहून मागून घेतलाय, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला हा विषय सांगता यायचा नाही.

मे महिन्यातली दुपार होती. माझं साठेक तासांचं फ्लाइंग झालं होतं. कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तास लागतात, त्यातले ६०. लॉगबुक बघून मी खूश असायचे. पण त्या तासांत एक गोम होती. मी जमेल तेव्हा सकाळचा पहिला स्लॉट मागून घ्यायचे. सकाळी सातला हवा एकदम शांत. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी ती कापडी पिशवी, खांबाला चिकटून लोंबत असायची. माझं लँडिंग अगदी लोण्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, आपल्याला लँडिंग येतं. येत होतं, पण वारा नसताना!

त्या दिवशी दुपारचा स्लॉट मिळाला, सोलो. विमान सेसना १७२. आमचा रनवे पूर्व-पश्चिम, मी पश्चिमेकडे तोंड करून उतरत होते आणि वारा नैऋत्येकडून, म्हणजे माझ्या डावीकडून, १४ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. आता हा सगळाच वारा काही आडवा नसतो. रनवेशी तो ३० अंशाचा कोन करत असेल तर साधारण निम्मा आडवा धरायचा, ४५ अंशाला पाऊण धरला तर हिशोब सुरक्षित, आणि ६०च्या पुढे सगळाच धरायचा. म्हणजे माझ्या वाट्याला १० नॉट आडवा वारा. सेसना १७२च्या बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तकात १५ नॉटचा आकडा असतो. कंपनीच्या चाचणीत तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलंय, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्या वाऱ्यात तुम्हाला उतरता येईल असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आता यात नेमकं करायचं काय असतं? मी सांगलीची. नदीचं पाणी वाहतं असताना नाव पलीकडच्या घाटावर न्यायची तर नावाडी नावेचं तोंड थोडं वरच्या अंगाला धरतो. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. विमानाचंही तसंच. नाक थोडं वाऱ्याकडे वळवून यायचं, याला क्रॅब म्हणतात, कारण खेकडाही असाच तिरका चालतो. पण तिरकं राहून चाकं टेकवली तर सगळा आडवा ताण चाकांवर येतो. म्हणून टेकण्याआधी उलट्या पायाचा रडर देऊन नाक रनवेच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने थोडा खाली धरायचा, म्हणजे विमान बाजूला वाहून जात नाही. माझ्या बाबतीत डावा पंख खाली आणि उजवा पाय. आधी वाऱ्याकडचं एक चाक टेकतं, मग दुसरं, मग नाकाचं. पहिल्यांदा हे भलतंच चुकीचं वाटतं. पण बरोबर तेच असतं.

हे सगळं मला पाठ होतं. त्या दिवशी डावं चाक टेकलं, उजवं टेकलं, आणि मी मनात म्हटलं, झालं बाई एकदाचं. हात सैल पडला, पायही सैल पडला.

तिथेच घात झाला. शेपटीचा उभा पंखा वारा धरतो आणि विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवतो, वातकुक्कुट वळतो तसं. शिवाय १७२चे पंख वरच्या बाजूला, त्यांच्याखाली वारा शिरला की तो त्यांना उचलायला बघतो. डावा पंख उचलला गेला, नाक डावीकडे गेलं आणि मी रनवेच्या कडेचा एक दिवा फोडून गवतात थांबले. मला काही झालं नाही. विमानाचं एक चाक आणि त्याचं आवरण गेलं. पण घरी बाबांना फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी घरावर कर्ज काढलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "तू धड आहेस ना? मग जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, सर, यापुढे मी सकाळचेच स्लॉट घेते. सर म्हणाले, "अगं, वारा काय तुला विचारून येणारे का? आजपासून तू दुपारीच उडायचं."

मग सरांनी जे करून घेतलं ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगते. अर्थातच इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच.

पहिलं, उंचावर. ३००० फुटांवर एक सरळ कालवा पकडायचा आणि पंख खाली, उलटा पाय, असं करून नाक कालव्याच्या रेषेत ठेवायचं. डावीकडून, मग उजवीकडून. हात आणि पाय एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत.

दुसरं, रनवेवर काही फूट उंचीवरून, थोडी पॉवर ठेवून, शेवटाकडे न टेकता जायचं. काम एकच, सेंटरलाइन सोडायची नाही. नेहमीच्या लँडिंगमध्ये हा सराव जेमतेम काही सेकंद मिळतो, इथे पूर्ण रनवेभर मिळतो. माझी खरी भीती यानेच गेली.

तिसरं, टेकल्यावर. वेग कमी होतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून वेग उतरेल तसं स्टिअरिंग वाऱ्याकडे आणखी वळवत जायचं, शेवटी पूर्ण. मी नेमकं याच्या उलट केलं होतं.

वारा झुळकांचा असेल, म्हणजे १० चा मध्येच २० होत असेल, तर फरकाच्या निम्मा, ५ नॉट, अप्रोचचा वेग जास्त ठेवायचा. आणि फायनलवर पूर्ण रडर देऊनही नाक रेषेत येत नसेल, तर तो वारा आज तुमचा नाही. पॉवर द्या, वर जा, दुसरा रनवे किंवा दुसरं विमानतळ बघा. म्हणून इंधनाचा हिशोब निघतानाच करायचा.

पाऊस सुरू व्हायच्या आत मला पुन्हा सोलो मिळालं. वारा तसाच, डावीकडून. पहिल्या फेरीत मी सेंटरलाइनच्या उजवीकडे वाहून गेले, गो-अराउंड केलं. दुसऱ्यांदाही केलं. तिसऱ्यांदा डावं चाक टेकलं, मग उजवं, मग नाक. हात वाऱ्याकडे वळवलेला तसाच. पार्किंगला इंजिन बंद करेपर्यंत मी तो सोडला नाही.

सरांनी लँडिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "दोनदा वर गेलीस ते बरं केलंस." लॉगबुकात त्या दिवशीचा तो एकच शेरा मी पेन्सिलने लिहून ठेवलाय.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर आपापल्या गावात वारा कुठून येतो ते जरा बघून ठेवा.