कुळाचे कागद आणि क्रिओल बोली
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मॉरिशसचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि तेथील प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे कौतुक करण्यात गैर काही नाही. परंतु मराठीचा तास संपवून घरी गेलेले मूल आईशी कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बहुतेक घरांत ते क्रिओल बोलते. २०११ च्या शिरगणतीत त्या देशातील सुमारे ८४ टक्के लोकांनी घरातील भाषा म्हणून क्रिओलची नोंद केली. त्यांत मूळचे बिहारचे आले, तमिळ-तेलुगू आले, मुसलमान आले, चिनी आले आणि रत्नागिरीकडून गेलेल्या मजुरांची पतवंडेही आली. मात्र यांपैकी भारतीय वंशाच्या माणसाला कोणी 'क्रिओल' म्हटले तर ते त्याला रुचत नाही. भाषा क्रिओल खरी, पण माणूस क्रिओल नव्हे! हा भेद कोठून आला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'क्रिओल' हा शब्द मुळात पोर्तुगीज व स्पॅनिश वसाहतींतला. मायदेशी न जन्मता वसाहतीत जन्मलेला, एवढाच त्याचा आरंभीचा अर्थ होता. पुढे मळ्यांवर जमलेल्या नानादेशीच्या माणसांनी ज्या नव्या भाषा घडवल्या त्यांना हा शब्द लागला. आणि मॉरिशसमध्ये गुलामांच्या वंशजांचा समाज या अर्थानेही तो रूढ झाला. अशी भाषा म्हणजे दूरच्या बेटांवरचे एखादे नवल, असे मानण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गावी ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजपासून घडलेली क्रिओल बोलली जाते. १७४० साली पोर्तुगीज त्या किनाऱ्यावरून गेले, भाषा राहिली. तिचे शब्द पुष्कळसे पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण शेजारच्या मराठीकडे झुकलेली आहे.

मॉरिशसच्या क्रिओलचा इतिहास याहून कठोर आहे. त्या बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच. डच आले, १७१० मध्ये सोडून गेले. त्यानंतर फ्रेंचांनी वसाहत केली आणि मादागास्कर, मोझांबिक व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, काही प्रमाणात भारतातूनही, गुलाम आणले. एका मळ्यावरच्या दहा माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मुकादमाची फ्रेंच सर्वांनाच अर्धीमुर्धी कळत होती. त्या स्थितीतून अठराव्या शतकातच एक नवी भाषा उभी राहिली. शब्द फ्रेंच, पण रचना तिची स्वतःची. फ्रेंचमधील क्रियापदांच्या रूपांचे जंगल तिने साफ केले. 'मो ती मांझे' म्हणजे मी खाल्ले, 'मो पे मांझे' म्हणजे मी खातो आहे, 'मो पू मांझे' म्हणजे मी खाईन. क्रियापद तेच राहते, काळ दाखवणारा लहानसा शब्द बदलतो. घराला 'लाकाझ' आणि पाण्याला 'दिलो'. यांतील 'ला' आणि 'दि' हे फ्रेंच उपपदांचे अवशेष नामाला कायमचे चिकटले आहेत. शार्ल बेसाक याने १८८० मध्ये या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हाही शीर्षकात तिला 'पात्वा' म्हणजे गावंढळ बोली म्हटले. प्राकृताला अपभ्रष्ट ठरवणाऱ्या पंडितांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. फिलिप बेकर याचे नियमबद्ध वर्णन १९७२ साली आले. मोडक्या फ्रेंचला इतके व्यवस्थित नियम असत नाहीत.

१८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या हाती गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई दिली गेली ती गुलामांना नव्हे, मालकांना. मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वाट्याला वीस लक्ष पौंडांहून अधिक रक्कम आली. त्या भांडवलातून उसाचे मळे वाढले आणि मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लक्षांच्या आसपास भारतीय गिरमिटावर तेथे गेले. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासेहून. मुंबईहून गेलेले दहांत एकाहूनही कमी; त्यांत दक्षिण कोकणातले पुष्कळ. करार सामान्यतः पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती.

येथे पूर्वजशोधाचा मुद्दा येतो. बंदरातील डेपोत उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि वहीत नोंद होई. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, मळा, हे सारे लिहिले जाई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढली जाऊ लागली. करार संपलेल्या 'जुन्या' मजुराने छायाचित्र असलेले तिकीट सतत जवळ बाळगावे असा कायदा १८६७ साली झाला आणि तिकिटाच्या छायाचित्राचा भुर्दंडही मजुराच्याच माथी बसला. तिकीट जवळ नसलेला माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या साह्याने नऊ हजारांवर जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे तक्रारअर्ज केला तो या जाचाविरुद्धच. त्यातून पुढे रॉयल कमिशन नेमले गेले.

आज हीच दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत आणि पणजोबाचे गाव शोधणारी मंडळी तेथे जातात. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसलेले असते; तरीही क्रमांक सापडला तर बापाचे नाव आणि गाव हाती लागते. पूर्वजांचा हा मौल्यवान ठेवा पळालेला मजूर पकडण्यासाठी तयार झाला होता, हे मात्र समारंभांत कोणी सांगत नाही.

यातली विसंगती महाराष्ट्राच्या बाजूने पाहिल्यास अधिक ठसठशीत होते. कोकणातील प्रतिष्ठित घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले; तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत. भूमिहीन कुणबी किंवा महार यांचे नाव लिहून ठेवण्याचे प्रयोजन गेल्या शतकाच्या आधी फारसे कोणाला वाटले नाही. खातेदार नसलेल्याला महसुली दप्तरात जागा नव्हती. तेव्हा दोन भावांपैकी मॉरिशसला गेलेल्याची उंची आणि कपाळावरचा व्रणसुद्धा कागदावर आहे. गावी राहिलेल्या किंवा पुढे मुंबईच्या गिरणीत शिरलेल्या भावाचे मात्र नावही बहुधा सापडत नाही. वंशावळ ही रक्ताची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती बरीचशी हिशेबनिसाची गोष्ट आहे.

गुलामांच्याही नोंदी होत्या. बंदी घातलेला गुलामांचा व्यापार चोरून चालू नये म्हणून ब्रिटिशांनी १८१५ पासून गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या. त्यांतही वय आहे, उंची आहे, खुणा आहेत. नाव मात्र बहुधा एकच, तेही मालकाने दिलेले. बापाचा उल्लेख शोधून सापडणे कठीण. फ्रेंच काळच्या कागदपत्रांत तर उगमाच्या जागी 'कास्त' हाच शब्द वापरलेला दिसतो आणि त्यापुढे 'मोझांबिक' एवढेच लिहिलेले. शेकडो कोसांचा किनारा, त्याच्या आतला अफाट मुलूख, तेथल्या अनेक जमाती आणि भाषा एका बंदरवजा शब्दात गडप! गिरमिटियाच्या वहीतील जातीच्या रकान्यात निदान त्याच्या गावी ओळखली जाणारी जात लिहिली जाई. आणि काही हुशार मंडळींनी डेपोत नाव सांगताना ती बदलूनही घेतली. मालमत्तेला असे काही सांगण्याची मुभा नसते.

स्वातंत्र्यानंतरच्या राज्यव्यवस्थेने हा फरक पुसला नाही, उलट त्यावर इमारत रचली. १९६८ च्या राज्यघटनेने निवडणुकीसाठी हिंदू, मुसलमान व चिनी असे तीन समाज मानले आणि जो राहणीवरून या तिघांपैकी कोणातच बसत नाही त्याला 'सर्वसाधारण लोकसंख्या' या चौथ्या खान्यात टाकले. गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे गोरे वंशज यांना एकाच खान्यात ठेवणारा हा विनोद मुद्दाम केलेला नसावा. शिरगणतीत घरातील भाषेशिवाय पूर्वजांची भाषाही विचारली जाई. माणसे तेथे आजीची भाषा लिहीत असे नव्हे. जी लिहिणे प्रतिष्ठेचे वाटे ती लिहीत. भोजपुरी बोलणाऱ्यांच्या नातवंडांनी हिंदी लिहिली. १९८३ च्या शिरगणतीत भारतातून आलेल्या अनेक मुसलमान कुटुंबांनी अरबी लिहिली. मराठी लिहिणाऱ्यांच्या पूर्वजांची दक्षिण कोकणातील बोली आणि शाळेतील पाठ्यपुस्तकांची मराठी यांतही अंतर आहेच.

पूर्वजांच्या भाषेला शाळेत तास मिळतो, शिक्षकाला नोकरी मिळते. माध्यमिक शाळांतील मोजक्या चांगल्या जागांसाठी जी गुणवत्ता यादी लागे तिच्यात या प्राच्य भाषांचे गुण धरावेत की नाही, हा वाद १९९८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. आडून प्रश्न असा होता की, ज्या मुलाला सरकारमान्य 'पूर्वजांची भाषा' नाही त्याने ते गुण कोठून आणावेत? मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर केली. म्हणजे पणजोबाच्या क्रमांकाला आता आर्थिक मूल्यही आले. मजुरीवरचा पहारा म्हणून जन्मलेला कागद दीड शतकानंतर वारसाहक्काची मालमत्ता होतो, आणि ज्यांच्या पूर्वजांचे श्रम सर्वांत आधी लुटले गेले त्यांच्याजवळ ती मालमत्ता नसते.

या वंचनेला १९९३ मध्ये रोजे सर्वो या क्रिओल धर्मगुरूने 'क्रिओल अस्वास्थ्य' असे नाव दिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा ते अस्वास्थ्य रस्त्यावर आले. गुलामगिरी व गिरमिट या दोहोंच्या परिणामांची चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाचा अहवाल २०११ साली सादर झाला. जमिनी बळकावल्या गेल्याच्या तक्रारींचीही त्याने दखल घेतली. जमिनीचा दावा लावायचा तरी पुन्हा वंशावळच सिद्ध करावी लागते, हे सांगायला नकोच.

डाव्या चळवळीने भाषेचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला होता. १९६९ मध्ये पॉल बेरांजे, देव विरासामी प्रभृतींनी स्थापलेल्या मॉरिशियन लढाऊ आंदोलनाची सभा क्रिओलमध्ये होई, कारण ऊसतोडणी करणारा आणि गोदीत ओझी वाहणारा या दोघांना समजणारी ती एकच भाषा होती. विरासामींचे घराणे तेलुगू. त्यांनी नाटके लिहिली आणि शेक्सपिअर आणला तो क्रिओलमध्ये. १९७६ पासून 'लेदिकास्यों पू त्रावायेर', म्हणजे कामगारांसाठी शिक्षण, या संस्थेने प्रौढांना क्रिओलमधून साक्षर केले. १९८२ मध्ये आघाडीने बासष्टपैकी साठ निर्वाचित जागा जिंकल्या आणि क्रिओलला राष्ट्रभाषेचे स्थान मिळणार असे वाटू लागले. नऊ महिन्यांत सरकार फुटले. राष्ट्रगीत क्रिओलमध्ये प्रसारित झाल्याचे निमित्त पुष्कळ गाजले. परंतु काटकसरीच्या अर्थनीतीने आधीच भेग पाडली होती, हेही नोंदवले पाहिजे. भाकरीचा प्रश्न सुटला नाही की भाषेच्या प्रश्नाला जमातवादी पटकन धरतात.

जानेवारी २०१२ मध्ये क्रिओल अखेर प्राथमिक शाळेत शिरली, पण कशी? हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी यांच्या रांगेत, आणखी एक ऐच्छिक विषय म्हणून. गुलामांच्या वंशजांना स्वतःची 'पूर्वजांची भाषा' मिळाली, त्यांचा अपमान काही अंशी कमी झाला. हे लहान काम नव्हे. मात्र जी भाषा सर्वांची होती ती त्या व्यवस्थेत एका जमातीची ठरली. मराठीचा तास निवडणारे मूल क्रिओलच्या तासाला जात नाही आणि वर्गाबाहेर पडताच क्रिओल बोलू लागते.

त्या मुलाच्या पणजोबाला ती कोणी शिकवली? उसाच्या शेतात, गोदीत, दुकानाच्या पायरीवर, बहुधा नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांनी व त्यांच्या मुलांनी. त्याने बदल्यात चटणी दिली आणि ती त्या भाषेत 'सातिनी' झाली. मळ्यावरून चालत आलेल्या या नात्याची नोंद ना डेपोच्या वहीत आहे, ना मोकाच्या संस्थेतून घरी नेलेल्या वंशवृक्षात. मॉरिशसहून वहीची नक्कल घेऊन एखादे कुटुंब रत्नागिरीत येते तेव्हा ग्रामपंचायतीने त्याला साह्य करावे, मुंबईच्या पुराभिलेखागारातील कागद त्याला सुलभ व्हावेत, हे सर्व योग्यच आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावर असाच शोध घ्यायला निघालेल्या त्याच्या शेजाऱ्याजवळ मात्र विचारायला गावाचे नाव नसते.